माझं अक्षर

ती गॅरेजच्या लिफ्टने वर आली,
वीस वर्षांपूर्वी आली होती तशीच.
फक्त या वेळी गॉगल नव्हता.
आता कोण बघतंय, म्हणाली.

फॉर्मवर तिने खरं नाव लिहिलं, लिंदाल्वा.
या नावाने तिला रिओत तीनच माणसं ओळखायची.
त्यातलं एक वारलं.
एक मी.

रात्री नऊच्या मालिकेत ती खलनायिका होती तेव्हा
अख्ख्या बोताफोगोत घास हातातच राहायचे.
वार्ताहर मला फोन करायचे,
डॉक्टर, एकच सांगा, खरे की खोटे?
मी म्हणायचो, मी मालिका बघत नाही.
खोटं ते तेवढंच होतं.

उत्तर माझ्या कपाटात, कुलपात, एका पिवळ्या कार्डावर होतं.
उजवीकडे दोनशे पंच्याऐंशी, डावीकडे तीनशे दहा.
कारण तिची डावी बाजू मुळातच जरा मागे राहिलेली,
वर्गातल्या लाजऱ्या मुलीसारखी,
आणि मी तिला हाताला धरून पुढे आणलं
असं तेव्हा मला वाटलं होतं.

मग बायका यायला लागल्या.
दंतवैद्याकडची स्वागतिका,
नितेरॉयहून बोटीने येणारी एक मास्तरीण,
सोळा हप्त्यांत पैसे फेडणारी एक, शेवटचा हप्ता सुट्या नाण्यांत.
प्रत्येकीच्या पर्समध्ये तोच फोटो,
मासिकातून फाडलेला, घडीवर पांढरा पडलेला:
कार्निव्हलची रात्र, हिरवी पिसं, तिचे दोन्ही हात वर.
असे करून द्या.
मी फोटो बघायचो आणि मला माझंच अक्षर दिसायचं,
कुणी कित्ता म्हणून परत माझ्याच पुढ्यात ठेवलेलं.
मी गिरवलं.
चारशे वेळा तरी.
कुणालाच सांगितलं नाही
की हात वर केले की कुणाचेही असेच दिसतात.

माझी आई मादुरेइरात कार्निव्हलचे पोशाख शिवायची.
टेप तिच्या गळ्यात, माझी खिशात.
माप घेताना तोंडातल्या टाचण्यांमधून ती विचारायची,
श्वास घेता येतोय ना गं?
मीही सुरुवातीला विचारायचो बहुधा.
आठवत नाही.

लिंदाल्वा आरशासमोर उभी.
मी जांभळ्या पेनने गळ्याच्या खळगीपासून रेघ ओढतो.
पूर्वी तुमची रेघ सरळ यायची, ती म्हणते.
पूर्वी तुम्ही श्वास धरून उभ्या राहायचात, मी म्हणतो.
ती हसते आणि रेघ पुन्हा हलते.
काढून टाका. नवे नकोत.
का, ते मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
पालथं झोपायचंय मला.

शरीर परक्या वस्तूभोवती पडदा विणतं,
पातळ, शिंपल्याच्या आतल्या रंगाचा.
हाकलत नाही, आपलंही म्हणत नाही.
मी तो पडदा उसवला. वेळ लागला.
माझ्याच जुन्या टाक्यांची खूण कुठे लागते का बघत होतो,
पण टाके कधीच विरघळलेले. विरघळणारेच घातले होते मी.

झुरेमाने ट्रे पुढे केला.
दोन्ही त्यात पडले, जरा पिवळट,
थरथरले, एकमेकांना टेकून थांबले.
हेच का ते, झुरेमा मास्कमधून म्हणाली.
तिचाही घास तेव्हा हातात राहिलेला असणार.
मी वजन करून लिहून घेतलं.
का लिहून घेतलं कुणास ठाऊक.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी पाणी मागितलं.
मग विचारलं, कशी दिसतेय?
या एका प्रश्नावर माझं घर उभं आहे,
मुलीचं शिक्षण, आंग्रातली होडी.
म्हणालो, अजून पट्टी आहे.
ती म्हणाली, चेहऱ्याचं विचारतेय, डॉक्टर.

संध्याकाळी शेवटची पेशंट, एकोणीस-वीसची.
फोन माझ्यापुढे धरते.
फोटोत दुसरीच कुणी, नवी, मी नाव ऐकलेलं नाही,
हात वर.
मी खुर्ची जवळ ओढतो.
हात खाली असताना कशी दिसते ही?
मुलगी फोन आपल्याकडे वळवते, बोटाने पुढे सरकवत राहते,
पुढे, अजून पुढे.
मी थांबून राहतो.